बेनिन ब्राँझ म्हणजे काय, ते लंडनला कसे गेले आणि परत द्यायला एवढा घोळ का

बातम्यांमध्ये अधूनमधून येतं की जर्मनीने बेनिन ब्राँझ परत केले, लंडनचं म्युझियम म्हणतं आम्हाला देता येत नाहीत, नायजेरियात कुठल्यातरी नव्या म्युझियमवरून राडा झाला, आणि मधला धागाच माहीत नसल्यामुळे बहुतेक जण स्क्रोल करून पुढे जातात. मला हा विषय फार जवळचा वाटतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

आधी जागा नीट समजून घेऊ. आज आफ्रिकेच्या नकाशावर बेनिन नावाचा एक देश दिसतो, तो हा नव्हे, त्याचं नाव १९७५ पर्यंत दाहोमी होतं. आपण ज्या बेनिनबद्दल बोलतोय ते राज्य त्याच्या पूर्वेला, आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात, एडो लोकांचं, राजधानी बेनिन सिटी, आणि ते शहर आजही तिथेच आहे आणि राजाही आहे. राजाला ओबा म्हणतात. आत्ताचे ओबा एवुआरे दुसरे २०१६ मध्ये गादीवर बसले आणि त्यांचं घराणं मागे साधारण बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत जातं. (फ्रान्सने २०२१ मध्ये २६ वस्तू परत केल्या त्या दाहोमीच्या होत्या, ती गोष्ट वेगळी, बातम्यांत दोन्हींची हमखास सरमिसळ होते.)

आता वस्तू. बेनिन ब्राँझ या एका नावाखाली हजारो वेगवेगळ्या गोष्टी येतात (नाव ब्राँझ, पण धातू बहुतेक पितळच): ओबांचे आणि राजमातांचे पितळी मुखवटे आणि मस्तकं, बिबटे, कोंबडे, घंटा, कोरलेले अख्खे हस्तिदंत, आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे भिंतीवर लावायच्या असाव्यात अशा दिसणाऱ्या चौकोनी पितळी पाट्या. त्या भिंतीवर नव्हत्या खरं तर, राजवाड्याच्या लाकडी खांबांवर ठोकलेल्या होत्या. १६६८ मध्ये छापलेल्या एका डच पुस्तकात राजवाड्याचं वर्णन आहे, त्यात खांब वरपासून खालपर्यंत अशा पाट्यांनी मढवलेले आहेत आणि पाट्यांवर लढाया कोरल्यात असं लिहिलंय. बहुतेक पाट्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, आणि कोपऱ्यांजवळ खिळ्यांची भोकं अजून दिसतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक पाटी आहे, दीड फुटापेक्षा थोडी जास्त उंच. मधोमध ओबा घोड्यावर, पण दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसलेला, दोन बाजूंच्या दोन सेवकांनी त्याचे हात पेललेत, आणि आणखी दोघांनी डोक्यावर ढाली धरल्यात, राजाला ऊन लागू नये म्हणून. ज्याचा मान मोठा त्याची आकृती मोठी, म्हणून ओबा सगळ्यात मोठा आणि कडेची माणसं अगदी बोटाएवढी. मागची मोकळी जागासुद्धा मोकळी नाही, तिथे बारीक ठिपके आणि चार पाकळ्यांची पानं कोरलीत, ही नदीतली पानं समजतात आणि त्यांचं नातं ओलोकुन या समुद्रदेवाशी आहे. एवढ्याशा जागेत कोण राजा, कोण सेवक, कुणाच्या गळ्यात किती पोवळ्याच्या माळा, कुणाच्या हातात काय, सगळं नोंदवलेलं.

नोंदवलेलं हा शब्द मी मुद्दाम वापरला. एडो लोकांकडे त्या काळात लिहून ठेवायची पद्धत नव्हती, आपल्याकडे बखर, वंशावळ, सनद ही कागदपत्रं जे काम करतात ते तिथे पितळ आणि हस्तिदंत करायचं. नवा ओबा गादीवर आला की तो आधी वडिलांच्या नावाने मस्तक ओतून घ्यायचा, ते पूर्वजांच्या वेदीवर ठेवायचं, मस्तकाच्या टाळूला भोक असतं, त्यात कोरलेला हस्तिदंत उभा करायचा, आणि त्या दातावर त्या राजाच्या काळातल्या गोष्टी. अठराव्या शतकापर्यंत पाट्या खांबांवरून उतरवून राजवाड्यातल्या खोलीत रचून ठेवल्या होत्या, तेव्हाही दरबारात एखाद्या जुन्या रिवाजाबद्दल किंवा पोशाखाबद्दल शंका आली की त्या पाहून ठरवायचे असं सांगतात. हे लक्षात ठेवा कारण पुढच्या सगळ्या भांडणाची मुळी इथे आहे, या वस्तू गेल्या म्हणजे नुसती शोभा गेली असं नाही, राज्याचं दप्तर गेलं.

बनवायचे कसे? बेनिन सिटीत इगुन नावाची गल्ली आहे, तिथे ओताऱ्यांची घराणी राहतात, काम बापाकडून मुलाकडे जातं, आणि पूर्वी त्यांना ओबाच्या परवानगीशिवाय कुणासाठीही पितळ ओतायची मुभा नव्हती. परंपरा अशी सांगते की हे कौशल्य इफे या जुन्या नगरातून आलं, तिथून इगुएघा नावाचा ओतारी बोलावला आणि त्याने इथल्या लोकांना शिकवलं. पद्धत मेणाची. मस्तक करायचं असेल तर आधी मातीचा गाभा करून वाळवायचा, त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर चढवायचा, आणि सगळं नक्षीकाम या मेणात करायचं, पोवळ्याचा एक एक मणी, केसांची एक एक वेणी. मेणाच्याच नळ्या जोडायच्या, मग वरून आधी अगदी गाळीव मऊ मातीचा लेप, तो नक्षीच्या खाचाखोचांत जायला हवा, मग जाड मातीचे थर, आणि हे सगळं नीट वाळू द्यायचं, घाई केली तर साचा तडकतो. मग भट्टीत तापवलं की मेण वितळून बाहेर येतं आणि त्याची जागा रिकामी होते, त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. हवा अडकली, धातू मधेच थिजला, की महिन्याभराची मेहनत वाया. थंड झाल्यावर साचा फोडायचाच, दुसरा इलाज नाही, म्हणून प्रत्येक वस्तू एकच, तिची जुळी निघत नाही. शेवटी छिन्नी-कानशीने साफसफाई. बस्तरच्या ढोकरा मूर्ती ज्यांनी करताना पाहिल्यात त्यांना हे लगेच कळेल, पद्धत तीच, फक्त बेनिनच्या काही मस्तकांमध्ये पितळेचा थर इतका पातळ आहे की आजचे ओतारीसुद्धा मान डोलावतात.

पितळ आलं कुठून, हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही.

पोर्तुगीज लोक बेनिनला पंधराव्या शतकाच्या शेवटी, १४८० च्या दशकात पोचले. म्हणजे गोव्यात यायच्या आधी. त्यांना मिरी, हस्तिदंत आणि गुलाम हवे होते, बदल्यात ते आणायचे पितळेची आणि तांब्याची कडी, घोड्याच्या नालासारखी, त्यांना मनिला म्हणतात, तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलनासारखा चालायचा. ही कडी वितळवून ओतारी काम करायचे. १५४८ मध्ये जर्मनीच्या फुगर घराण्याने पोर्तुगालच्या राजाशी अशी कडी पुरवायचा करार केला होता, आणि २०२३ मध्ये बुडालेल्या जहाजांतल्या कड्यांमधलं शिसं तपासल्यावर दिसलं की बऱ्याच ब्राँझसाठी वापरलेला धातू जर्मनीतल्या ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या खनिजाशी जुळतो. आता बघा, ओतकाम पोर्तुगीज यायच्या आधीपासून होतं, पण एवढ्या प्रमाणात पाट्या झाल्या त्या या व्यापारामुळे, आणि त्या व्यापारात माणसं विकली जात होती. बेनिनने सोळाव्या शतकात पुरुष कैदी विकण्यावर बराच काळ निर्बंध ठेवले, पण पुढे ते सैल झाले, आणि अठराव्या शतकात तिथून माणसं मोठ्या संख्येने अटलांटिकपार गेली. पाट्यांवर लांब केस, दाढी, टोकदार नाक असलेले पोर्तुगीज दिसतात ना, काहींच्या हातात ही कडीच आहेत. ओताऱ्याने हेही नोंदवून ठेवलंय.

आता १८९७.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिशांना पाम तेल, रबर, हस्तिदंत यांचा व्यापार थेट हातात हवा होता आणि बेनिनचे ओबा ओव्होनरामवेन आपल्या हद्दीत कर आणि परवानगी आपल्याकडे ठेवून होते. १८९२ मध्ये त्यांच्याकडून एक करार करून घेतला, तो त्यांनी ब्रिटिशांना हवा तसा पाळला नाही. नोव्हेंबर १८९६ मध्ये जेम्स फिलिप्स नावाच्या हंगामी अधिकाऱ्याने लंडनला पत्र लिहिलं की ओबाला हटवायची परवानगी द्या, आणि त्यातच लिहिलं की राजाच्या घरात इतकं हस्तिदंत मिळेल अशी आशा आहे की मोहिमेचा खर्च निघून जाईल. हे पत्र सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं कारण पुढे जे घडलं ते रागाच्या भरात घडलं असं अनेक वर्षं सांगितलं गेलं, पण हिशोब आधीच झालेला होता.

लंडनच्या उत्तराची वाट न बघता फिलिप्स जानेवारी १८९७ मध्ये काही ब्रिटिश अधिकारी, व्यापारी आणि दोनशेच्या वर आफ्रिकन हमाल घेऊन निघाला. बेनिनमध्ये तेव्हा इगुए नावाचा वर्षाचा मोठा विधी चालू होता, त्या दिवसांत ओबा परक्यांना भेटत नसे, आणि आत्ता येऊ नका असा निरोप त्याला वाटेतच मिळाला होता, तरी तो गेला. बेनिनच्या सरदारांनी, ओबाची इच्छा नसतानाही, वाटेत हल्ला केला. ब्रिटिशांपैकी दोघेच वाचले, आणि हमाल बरेच मारले गेले, त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत.

सहा आठवड्यांच्या आत अॅडमिरल रॉसन साधारण बाराशे सैनिक, मॅक्सिम मशीनगन आणि रॉकेट घेऊन आला. १८ फेब्रुवारी १८९७ ला शहर पडलं. तीन दिवसांनी आग लागून राजवाडा आणि शहराचा मोठा भाग जळाला. ब्रिटिश पेपरांनी नरबळीच्या बातम्यांवर भर देऊन सगळं समर्थनीय ठरवलं. बेनिनमध्ये नरबळी होत होते हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही, पण नरबळी थांबवायला पूर्वजांच्या वेद्या रिकाम्या करून माल जहाजात भरावा लागत नाही. ओबा ओव्होनरामवेन ऑगस्टमध्ये शरण आले, त्यांना कालाबारला हद्दपार केलं, तिथेच १९१४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

लुटीचं काय झालं तर काही वस्तू सरकारने घेतल्या आणि विकून खर्च भागवला, काही अधिकाऱ्यांनी आपापसात वाटून घेतल्या आणि घरी नेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तीनशेच्या आसपास पाट्या मांडल्या, त्यातल्या दोनशेच्या वर पाट्या तिथेच राहिल्या. बाकीच्या लिलावात गेल्या आणि बर्लिनच्या म्युझियमच्या फेलिक्स फॉन लुशान यांनी धडाधड विकत घेतल्या. युरोपातल्या विद्वानांना पहिला धक्का हाच होता की हे आफ्रिकन लोकांनी केलंय. कुणी म्हणालं पोर्तुगीजांनी शिकवलं असणार, कुणी इजिप्तकडे बोट दाखवलं. लुशान यांनी मात्र स्पष्ट लिहिलं की हे ओतकाम युरोपच्या उत्तमातल्या उत्तम कामाच्या तोडीचं आहे, इटलीच्या चेल्लिनी या नामांकित शिल्पकारालाही याहून चांगलं जमलं नसतं. मला या जागी फार वाईट वाटतं, कारण ज्या वस्तूंमुळे आफ्रिकेला इतिहास नाही हे म्हणणं खोटं पडलं, त्या वस्तू बघायला मिळाल्या त्याच लुटीमुळे, आणि बेनिनच्या पुढच्या पिढ्यांनी त्या बघितल्या त्या बऱ्याचदा फोटोत.

आज किती आहेत? डिजिटल बेनिन नावाची वेबसाइट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, तिच्यात तेव्हा २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,२४६ वस्तूंची नोंद होती. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये नऊशेच्या वर.

मागणी आजकालची नाही. ओबा अकेंझुआ दुसरे यांनी १९३० च्या दशकातच पाठपुरावा सुरू केला, १९३८ मध्ये त्यांना पोवळ्याचे दोन मुकुट आणि पोवळ्याचा पोशाख परत मिळाला, तेवढंच. नायजेरिया स्वतंत्र व्हायच्या आधी लागोस म्युझियमसाठी ब्रिटिश म्युझियमने जास्तीच्या आहेत असं ठरवून काही पाट्या विकल्या, हो, विकल्या, ज्यांच्याकडून नेल्या त्यांनाच पैसे भरून घ्याव्या लागल्या. १९७७ मध्ये लागोसला जगभरच्या कृष्णवर्णीयांचा मोठा कला महोत्सव झाला, फेस्टॅक, त्याचं बोधचिन्ह म्हणून त्यांनी निवडला राजमाता इडियाचा हस्तिदंती मुखवटा. इडिया म्हणजे सोळाव्या शतकातले ओबा एसिगिए यांची आई, मुलाच्या बाजूने युद्धात उभी राहिलेली, पहिली राजमाता हा मान मिळालेली बाई. मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये, महोत्सवापुरता द्या म्हटलं तर तोही मिळाला नाही, मग बेनिनच्या कारागिराने नवा कोरला आणि महोत्सव त्याच्यावर झाला. अमेरिका, कॅरिबियन, ब्राझील इथून आलेल्या लोकांनी तो चेहरा टी-शर्टवर, पोस्टरवर घरी नेला, आणि आज जगात कुठेही कृष्णवर्णीय लोकांच्या वारशाबद्दल काही असेल तर इडियाचा चेहरा बऱ्याचदा दिसतो.

मग हळूहळू गोष्टी हलल्या. २०१४ मध्ये त्या मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने घरातल्या दोन वस्तू स्वतः बेनिनला नेऊन दिल्या. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये जेवणाच्या हॉलमध्ये एक पितळी कोंबडा होता, विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये आवाज उठवला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तो परत गेला, दुसऱ्याच दिवशी अॅबरडीन विद्यापीठाने ओबाचं मस्तक दिलं. २०२२ मध्ये जर्मनीने हजाराच्या वर वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवायचा करार केला आणि डिसेंबरमध्ये पहिल्या २० प्रत्यक्ष नेऊन दिल्या, त्याच वर्षी अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय म्युझियम संस्थेने २९ वस्तू दिल्या, लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने ७२ वस्तूंची मालकी दिली, आणि २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९.

ब्रिटिश म्युझियम का देत नाही? त्यांचं उत्तर कायद्याचं आहे. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम अॅक्टप्रमाणे विश्वस्तांना संग्रहातली वस्तू, अगदी मोजके अपवाद सोडले तर, काढूनच टाकता येत नाही. पण तो कायदा संसदेनेच केलाय आणि संसदेला बदलता येतो. तोवर पर्याय उरतो उसनं देण्याचा. हे आपल्याला माहीत आहे, २०२४ मध्ये साताऱ्याला वाघनखं आली ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांसाठी उसनी, त्यांच्यावरही १९८३ चा तसाच कायदा लागू आहे. त्याच वर्षी याच म्युझियमने आणि ब्रिटिश म्युझियमने घानाच्या असांते राजांचे सोन्याचे दागिने कुमासीला दिले, तेही तीन वर्षांच्या उसनवारीवर. जे साताऱ्याला रांग लावून दर्शन घेऊन आले त्यांना कुमासीच्या लोकांच्या मनात काय असेल ते सांगायची गरज नाही.

आता सगळ्यात गुंत्याचा भाग, परत द्यायचं ते नेमकं कुणाला. वस्तू लुटल्या राजाकडून, पण आज देश नायजेरिया आहे. एडो या नायजेरियातल्या प्रांताच्या सरकारच्या पाठिंब्याने बेनिन सिटीत मोठं म्युझियम उभं राहायला लागलं, जर्मनीने वगैरे पैसे दिले, ओबा म्हणाले वस्तू राजवाड्याच्या आहेत, दुसऱ्या कुणाच्या संस्थेत जाणार नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी ओबा हेच मालक असा आदेश काढला. त्यावर युरोपात गोंधळ उडाला, काही लोक म्हणाले आम्ही जनतेला दिलं आणि ते एका राजाच्या घरात गेलं, केंब्रिज विद्यापीठाने मे महिन्यात ठरलेला वस्तू परत द्यायचा कार्यक्रम पुढे ढकलला. पुढे ओबा आणि नायजेरियाचा राष्ट्रीय म्युझियम आयोग यांच्यात समझोता झाला की मालकी ओबांची, सांभाळ आयोगाचा. पण त्या नव्या म्युझियमचा वाद काही मिटला नाही, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये उद्घाटनाआधी पाहुणे आत असताना आंदोलक घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

माझं मत स्पष्ट आहे. दोन भावांमध्ये वडिलांच्या घराच्या वाटणीवरून खटला चालू आहे म्हणून घर बळकावलेल्या तिसऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. ओबा की सरकार की म्युझियम, हे एडो आणि नायजेरियन लोक भांडतील, कोर्टात जातील, ठरवतील, त्यांना पाच-दहा वर्षं लागतील तर लागू देत.

यापेक्षा मला अस्वस्थ करणारा दावा वेगळा आहे आणि त्याला इतकं सोपं उत्तर नाही. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांची बाजू मांडणाऱ्या, न्यूयॉर्कमधल्या रिस्टिट्यूशन स्टडी ग्रुप या संस्थेने २०२२ मध्ये स्मिथसोनियनविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, ज्या कड्यांपासून हे ब्राँझ झाले ती आमच्या पूर्वजांची किंमत होती, त्यांना विकून बेनिनला पितळ मिळालं, मग विकणाऱ्यांच्या वारसांनाच सगळं का, विकले गेलेल्यांच्या वारसांना वाटा का नाही, आणि अमेरिकेतून सगळं गेलं तर आमच्या मुलांनी बघायचं कुठे. कोर्टात त्यांना यश आलं नाही आणि वस्तू गेल्या. मला वाटतं मालकी बेनिनलाच जायला हवी होती, कारण पितळ कसंही आलं असलं तरी हात, बुद्धी, विधी आणि आठवण तिथली आहे. पण त्या बायका-माणसांचा प्रश्न खरा आहे, आणि परत गेलेल्या वस्तू जिथे मांडल्या जातील तिथे माहितीच्या फलकावर कड्यांची आणि विकलेल्या माणसांची गोष्टही लिहिली गेली पाहिजे, सोयीची नसली तरी.

इगुनच्या गल्लीत काम आजही चालू आहे. ओव्होनरामवेन यांचे पुत्र एवेका दुसरे १९१४ मध्ये गादीवर आले, ते स्वतः कोरीव काम करायचे, त्यांनी ओताऱ्यांना पुन्हा उभं केलं आणि इतरांसाठी काम करून विकायची परवानगी दिली. आता तिथे जुने नळ, गाडीचे भंगार भाग वितळवून मस्तकं आणि बिबटे ओततात, प्रवाशांसाठी पण आणि राजवाड्यासाठी पण.

हे सगळं बघायचं असेल तर डिजिटल बेनिनवर जा, फोनवर फुकट उघडते, वस्तूंची एडो नावं दिलेली आहेत आणि ती एडो माणसांच्या आवाजात ऐकताही येतात. नुसते फोटो बघू नका, कुठलीही एक पाटी उघडा आणि ती १८९७ नंतर कुणाकुणाच्या हातातून गेली ते शोधून वाचा.